भांडू न शकणाऱ्याचा वाटा



ज्यांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला चालते ते वकील होते. आलेल्या पक्षकाराला ते प्रथम विचारायचे, "हे कोर्टाबाहेर मिटेल का?" म्हणून त्यांच्या नावाच्या या व्यासपीठावर मी मुद्दाम असा विषय घेतला आहे, ज्यात नीट वागले तर कोर्टाची पायरीच चढावी लागत नाही. आपण गेल्यावर आपल्या घरादाराचे, शेताचे, ठेवीचे काय व्हावे हे आपण जिवंतपणी लिहून ठेवणे, हा तो विषय. त्यात मृत्युपत्र येते, आणि ज्याच्याबद्दल आपल्याकडे फार कमी बोलले जाते तो कुटुंबासाठी केलेला खाजगी न्यासही येतो.

मला एकच गोष्ट सांगायची आहे. वारसाहक्काचा कागद करताना आपण विचारतो, मोठ्याला किती आणि धाकट्याला किती. खरे तर आधी हे विचारायला हवे की या घरात स्वतःसाठी भांडू शकणार नाही असा माणूस कोण आहे. अज्ञान मूल असेल, मतिमंद मुलगी असेल, माहेरचा आधार तुटलेली सून असेल, ऐकू न येणारी आई असेल. भांडू शकणारे आपला वाटा कसाही मिळवतात. जो भांडू शकत नाही त्याच्यासाठी कागद लागतो.

महाराष्ट्राच्या इतिहासातले एक मोठे प्रकरण आधी सांगतो. त्यात मृत्युपत्र आहे, विश्वस्त आहेत, आणि भांडू न शकणारी माणसेही आहेत. ताई महाराज प्रकरण म्हणून ते तुम्हांपैकी अनेकांनी शाळेत ओझरते ऐकले असेल. लोकमान्य टिळकांवर खोटेपणाचा खटला झाला आणि ते सुटले, एवढेच आपल्या लक्षात राहते. मला ते वारसाहक्काच्या बाजूने सांगायचे आहे.

पुण्याचे पहिल्या वर्गाचे सरदार वासुदेव हरिहर पंडित, म्हणजे बाबा महाराज, ७ ऑगस्ट १८९७ रोजी पटकीने गेले. टिळक तेव्हा राजद्रोहाच्या खटल्यात जामिनावर नुकतेच सुटले होते. मरणाच्या दारात बाबा महाराजांनी मृत्युपत्र केले. पत्नी ताई महाराज अगदी लहान वयाच्या होत्या आणि गरोदर होत्या. इस्टेटीवर कर्ज होते. मृत्युपत्रात ठरले ते असे: मुलगा झाला तर तो वारस, मुलगा झाला नाही, किंवा होऊन गेला, तर विश्वस्तांच्या संमतीने मुलगा दत्तक घ्यावा, तोपर्यंत कारभार विश्वस्तांनी पाहावा. विश्वस्तांत टिळक होते, आणि आपल्या विदर्भातले, अमरावतीचे दादासाहेब खापर्डेही होते.

पुढे मुलगा झाला, आणि दोनेक महिन्यांत गेला. तेव्हा टिळक तुरुंगात होते. सुटून आल्यावर त्यांनी व इतर विश्वस्तांनी इस्टेटीचा खर्च आवळला, कर्ज फेडायला सुरुवात केली. जून १९०१ मध्ये औरंगाबादेला जगन्नाथ या मुलाचे दत्तकविधान झाले. मग काही महिन्यांतच ताई महाराजांच्या भोवती दुसरे सल्लागार जमले. हे दत्तक झालेच नाही असे म्हणून त्यांनी कोल्हापूरकडचा दुसरा मुलगा दत्तक घेतला. टिळकांची विश्वस्त म्हणून नेमणूक रद्द करण्याचा अर्ज झाला, त्यातून फौजदारी खटला उभा राहिला, शिक्षा झाली. १९०४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. दत्तकाचा दिवाणी वाद मात्र चालूच राहिला. १९१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल टिळकांच्या विरुद्ध गेला, तेव्हा ते मंडालेला होते. अखेर मार्च १९१५ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने जगन्नाथाचे दत्तक खरे मानले. मृत्युपत्र १८९७ चे, शेवटचा निकाल १९१५ चा. मध्ये अठरा वर्षे गेली. ताई महाराज तो निकाल पाहायला राहिल्या नव्हत्या.

टिळकांनी दिलेला शब्द पाळला, स्वतःच्या राजकारणाचा ऐन काळ एका मित्राच्या इस्टेटीपायी कोर्टात घालवला. विश्वस्त कसा असावा याचे ते उदाहरण आहे, आणि त्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण मला त्या मृत्युपत्राबद्दलही बोलायचे आहे. ते शेवटच्या घटकेला झाले. जिच्यावर सगळे येऊन पडणार होते ती मुलगी त्या व्यवस्थेत कुठे होती? मुलगा दत्तक घ्यायचा तिने, संमती विश्वस्तांची. तिच्या हातखर्चाचे, तिच्या मानाचे, तिने कोणाला विचारायचे याचे, सगळेच इतरांच्या हाती. पतीच्या मागे एकटी पडलेली, शिक्षण नसलेली तरुण विधवा; तिच्याभोवती कोणीही जमू शकत होते आणि तसेच झाले. बाबा महाराजांना एक वर्ष आधी शांतपणे बसून हे लिहिता आले असते, तिला समोर बसवून तिच्याशी बोलून लिहिता आले असते, तर इतका उत्तम विश्वस्त लाभलेल्या त्या घराला अठरा वर्षे जळावे लागले नसते, असे मला मनापासून वाटते.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. एकाच्या हाती कारभार आणि अनेकांचा लाभ, ही गोष्ट भंडाऱ्याला नवी नाही. मध्य प्रांतात आपल्याकडे मालगुजारी होती. गाव एका घराण्याचे, पण पिढ्या वाढल्या की त्याचे आण्या-पैचे हिस्से पडायचे. कोणाचे चार आणे, कोणाचे दोन आणे आठ पै. वसूल मात्र सगळ्यांच्या वतीने लंबरदार करायचा, सरकारी सारा भरायचा, आणि उरलेल्या नफ्याचा हिशेब हिस्सेदारांना द्यायचा. नफा दिला नाही म्हणून हिस्सेदारांनी लंबरदारावर केलेले दावे हे त्या काळच्या मध्य प्रांतातल्या कोर्टांचे नेहमीचे काम होते. हिस्सेदारांत अज्ञान मुले असत, विधवा असत. दावा करू शकणारा हिशेब मागून घ्यायचा. बाकीच्यांना लंबरदार देईल ते घ्यावे लागायचे. १९५१ मध्ये मालगुजारी गेली. लंबरदार गेला, पण घराघरांत तो अजून आहे. सातबाऱ्यावर सगळ्यांची नावे असतात, पण सोसायटीत धान विकून चुकारा घेणारा, ठेका ठरवणारा, बँकेत जाणारा एकच असतो. तो सज्जन असेल तर कोणाला काही कळत नाही, आणि तो सज्जन नसेल तर कळूनही काही करता येत नाही. कायद्याने हिशेब द्यायला बांधलेला कारभारी म्हणजे विश्वस्त. कुटुंबाच्या न्यासाची सगळी कल्पना एवढीच आहे.

आपल्याकडे ट्रस्ट म्हटले की देवस्थान, शाळा, कॉलेज, धर्मादाय कार्यालय हे डोळ्यांसमोर येते. ते सार्वजनिक न्यास, त्यांना १९५० चा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम लागतो. मी बोलतो आहे तो खाजगी न्यास. त्याला १८८२ चा भारतीय न्यास अधिनियम लागतो, आणि धर्मादाय कार्यालयाशी त्याचा संबंध नाही. त्यात तीन पक्ष असतात. आपली मालमत्ता देणारा न्यासकर्ता, ती सांभाळणारा विश्वस्त, आणि जिच्यासाठी किंवा ज्याच्यासाठी हे सगळे करायचे तो लाभार्थी. जमीन, घर अशी स्थावर मालमत्ता न्यासात टाकायची असेल तर सहीचा व नोंदणीचा दस्त लागतो, नाही तर मृत्युपत्रातून ती व्यवस्था करावी लागते.

हा "नाही तर" आपल्यासाठी फार महत्त्वाचा आहे. जिवंतपणी न्यासाचा दस्त करून शेत त्यात घालायचे तर मुद्रांक शुल्क, नोंदणी फी, कर असे सगळे पाहावे लागते. मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क लागत नाही. चार एकर धानाची शेती, गावठाणातले घर, पतसंस्थेतली थोडी ठेव, एवढा ज्यांचा पसारा आहे त्यांनी मोठ्या शहरांतल्या श्रीमंतांसारखा वेगळा ट्रस्ट काढायच्या मागे लागू नये असे माझे स्पष्ट मत आहे. त्यांनी मृत्युपत्र करावे, आणि ज्या मुलासाठी गरज आहे त्याच्या वाट्यापुरती न्यासाची कलमे मृत्युपत्रातच घालावीत.

कोणासाठी ही गरज असते ते सांगतो. एक, ज्यांच्या घरी कायम दुसऱ्यावर अवलंबून असणारे मूल आहे. "आमच्यामागे याचे काय?" हा प्रश्न अशा आईबापांनी रोज रात्री स्वतःला विचारलेला असतो. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास अधिनियम आहे. मूल अठरा वर्षांचे झाल्यावरही त्याच्यासाठी कायदेशीर पालक नेमता येतो. जिल्हाधिकारी ज्या समितीत असतात ती स्थानिक समिती ही नेमणूक करते. पण पालक नेमला म्हणून पैशाची सोय होत नाही. पालक मुलाला सांभाळेल, पैसा विश्वस्त सांभाळेल. शक्य असेल तेव्हा ही दोन माणसे वेगळी ठेवावीत, म्हणजे एकाचे लक्ष दुसऱ्यावर राहते. मृत्युपत्रात लिहावे की अमुक शेत व अमुक ठेव विश्वस्तांकडे राहील, तिच्या उत्पन्नातून माझ्या मुलीचे जेवण, औषध, कपडालत्ता व सांभाळणाऱ्याचा खर्च होईल, आणि तिच्यामागे जे उरेल ते अमुक अमुक यांना मिळेल. शेवटचे वाक्य विसरू नये. ते नसले की मुलीच्या मृत्यूनंतर नवे भांडण सुरू होते.

दुसरा प्रसंग आपल्या जिल्ह्याचा खास आहे. शेत हे स्वतःचे स्वतः थोडे रक्षण करते. ते विकायचे तर गिऱ्हाईक लागते, सगळ्यांच्या सह्या लागतात, अज्ञान मुलाचा हिस्सा असला तर न्यायालयाची परवानगी लागते. रोख रकमेला यातले काही लागत नाही. आणि आपल्याकडे शेताची रोख रक्कम होण्याचे प्रसंग फार आले. २२ एप्रिल १९८८ रोजी पवनीजवळ वैनगंगेवर गोसीखुर्द धरणाची पायाभरणी तेव्हाचे पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाली. २००९ मध्ये तो राष्ट्रीय प्रकल्प झाला. गावेच्या गावे उठली. कुठे मोबदला आधी मिळाला, कुठे नंतर, वाढीव मोबदल्यासाठी लोक वर्षानुवर्षे झगडले. तो लढा न्याय्य होता आणि आजही आहे. त्यात ज्या गोष्टीकडे कमी लक्ष गेले ती अशी, की रक्कम खात्यात आल्यावर घरातल्या विधवा सुनेचा, म्हाताऱ्या सासूचा, शाळेत जाणाऱ्या नातवाचा वाटा कोणत्या खात्यात, कोणाच्या सहीने गेला? महामार्गाच्या रुंदीकरणात, खाणींच्या पट्ट्यात हाच प्रश्न आहे. ज्यांची जमीन पुढे संपादनात जाण्याची शक्यता आहे त्यांनी घरातल्या दुबळ्या माणसाच्या वाट्याची रक्कम विश्वस्तांच्या नावे वेगळी ठेवण्याचा दस्त जरूर करावा. रोख रकमेच्या न्यासाला फारसा खर्च येत नाही.

तिसरी सोय तर इतकी सोपी आहे की ती वापरली जात नाही याचे मला वाईट वाटते. १८७४ चा विवाहित स्त्रियांचा मालमत्ता अधिनियम आहे. त्याच्या कलम ६ प्रमाणे विवाहित पुरुषाने स्वतःच्या जीवनावर पत्नीच्या, मुलांच्या किंवा दोघांच्या नावे या कायद्याखाली विमा घेतला, की ती पॉलिसी आपोआप त्यांच्यासाठीचा न्यास होते. विमा घेताना एक वेगळा फॉर्म भरायचा, एवढेच. ती रक्कम त्याच्या सावकाराला, बँकेला, भावाला, कोणालाही मागता येत नाही. त्याचे स्वतःचे मन बदलले तरी परत घेता येत नाही. किराणा दुकान असेल, राइस मिल असेल, ट्रॅक्टरचे कर्ज असेल, अशा प्रत्येक तरुण गृहस्थाने पुढची पॉलिसी घेताना एजंटला हा फॉर्म मागावा.

न्यासाला मर्यादाही आहेत. कर्ज बुडवायला केलेला न्यास न्यायालयात टिकत नाही. सात पिढ्यांसाठी मालमत्ता बांधून ठेवता येत नाही. आज हयात असलेल्या माणसांच्या आयुष्यापलीकडे फक्त पुढच्याच्या अज्ञानपणाइतकाच काळ कायदा देतो. भोगवटादार वर्ग-२ ची जमीन, वनहक्काची जमीन, आदिवासी खातेदाराची जमीन यांच्या हस्तांतरणावर बंधने आहेत. ती न तपासता कोणताही कागद करू नये. आपल्यातल्या गोंड, हलबा कुटुंबांना हिंदू उत्तराधिकार अधिनियम थेट लागत नाही, पण जुलै २०२५ मध्ये छत्तीसगडच्या एका गोंड कुटुंबाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आदिवासी स्त्रीच्या वारसांना तिच्या वडिलांच्या मालमत्तेत समान वाटा दिला, हे त्यांनी जाणून असावे. मुस्लिम बांधवांना मृत्युपत्राने साधारण एक तृतीयांश मालमत्तेचीच विल्हेवाट लावता येते.

आता मृत्युपत्राकडे. न केल्यास काय होते ते पाहा. चाळिशीतला माणूस अपघातात गेला. मागे बायको, दोन लहान मुले आणि आई. स्वतः घेतलेली मालमत्ता असेल तर १९५६ च्या कायद्याने चार सारखे वाटे पडतात. आईलाही पूर्ण वाटा असतो, हे आपल्याकडे आईलाही माहीत नसते, आणि वारस नोंदीच्या वेळी तिचे नाव सहज सुटते. बायकोला वाटते घर आपले झाले; ते तिचे एक चतुर्थांश झालेले असते. आणि वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाची जमीन असेल तर त्याच्या वाट्याचीच तेवढी व्यवस्था मृत्युपत्राने करता येते, अख्ख्या शेताची नाही. पुष्कळ मृत्युपत्रे इथेच लंगडी पडतात. वडील सगळे शेत आपलेच समजून लिहून मोकळे होतात.

"आमचे सगळे नॉमिनेशन केलेले आहे" असे मला अनेकजण समाधानाने सांगतात. नॉमिनी म्हणजे पैसे हातात घेणारा. तो मालक होतोच असे नाही. ज्यांचे कालनिर्णय आपल्या बहुतेक घरांत भिंतीवर असते त्या जयंत साळगांवकरांच्या मालमत्तेच्या वादात १४ डिसेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शेअर व म्युच्युअल फंडांपुरते हेच स्पष्ट केले, की नामनिर्देशनाने वारसाहक्काचा कायदा बाजूला सरत नाही. तेव्हा नॉमिनी एक आणि मृत्युपत्र दुसरेच सांगते असे होऊ देऊ नये.

जमीन लिहिताना आणखी एक पाहावे. २०२३ पासून बागायत १० गुंठे आणि जिरायत २० गुंठे यांच्या खाली तुकडा पाडता येत नाही. चार मुलांना बांधीबांधीने वाटून दिलेले मृत्युपत्र सुंदर दिसते, पण अंमलात येत नाही. त्यापेक्षा शेत कोणी घ्यावे आणि त्याने इतरांना किती रक्कम किती मुदतीत द्यावी हे लिहावे.

मुलींबद्दल बोलल्याशिवाय मी थांबू शकत नाही. १९५४ मध्ये याच भंडाऱ्यातून डॉ. बाबासाहेब आंबेडकर लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि हरले. मुलीला वारसाहक्क देणाऱ्या हिंदू कोड बिलासाठी त्यांनी तीन वर्षे आधी मंत्रिपद सोडले होते. त्यांच्या हयातीतच, १९५६ मध्ये, उत्तराधिकाराचा कायदा आला, पण वडिलोपार्जित शेतात मुलीला जन्मसिद्ध हक्क त्यात नव्हता. महाराष्ट्राने तो १९९४ मध्ये काही अटींवर दिला, देशाने ९ सप्टेंबर २००५ पासून दिला, आणि २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की तेव्हा वडील हयात नसले तरी मुलीचा हक्क राहतो. ज्या मतदारसंघाने त्यांना निवडून दिले नाही, त्या जिल्ह्यातल्या प्रत्येक घरात त्यांचे काम आज पोहोचले आहे. आणि तरीही वडिलांच्या तेरवीनंतर काही दिवसांतच बहिणींना गाडी पाठवून आणायचे, तहसीलजवळच्या टपरीवर हक्कसोडपत्र टाइप करायचे, एक साडी द्यायची आणि सही घ्यायची, हे थांबलेले नाही. बहीण सही करते कारण नाही म्हटले तर माहेर तुटेल. ती भांडू शकते, पण तिला भांडायचे नसते. तिच्या या चांगुलपणाचा फायदा घेणे मला पटत नाही. ज्या बापाला हे नको आहे त्याने मुलीचा वाटा स्वतःच्या मृत्युपत्रात स्वतः लिहावा. भावाला बहिणीकडे सही मागायची वेळच येऊ नये.

उलट चूकही तितकीच होते. नाव चढवून मोकळे होऊ म्हणून जिवंतपणीच सगळे मुलांना बक्षीस करून टाकायचे. मुलगा, मुलगी, नातवंडे यांना शेत किंवा राहते घर बक्षीस देताना मुद्रांक शुल्क नाममात्र २०० रुपये आहे, वर स्थानिक अधिभार काय असेल तो, म्हणून हा मोह होतो. मग म्हातारपणी स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखे राहावे लागते. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यातल्या कलम २३ प्रमाणे असे बक्षीसपत्र रद्द होऊ शकते, पण सांभाळ करण्याची अट असेल तर. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ती अट आवश्यक ठरवली, जानेवारी २०२५ मध्ये कलमाचा अर्थ ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे घेतला. न्यायालय उदार होईल या भरवशावर कशाला राहायचे? बक्षीस द्यायचेच असेल तर सांभाळाची अट दस्तातच घाला. त्याहून बरे म्हणजे मृत्युपत्र करा, ते आपण हयात असेपर्यंत कितीदाही बदलता येते.

आता विश्वस्ताची निवड. सगळे काम इथे येऊन ठेपते. न्यास म्हणजे आपल्या मालगुजारी तलावासारखा आहे. पाणी किती का साठेना, पाळ फुटली किंवा तुडूम कोणी मनास येईल तसे उघडले तर खालच्या बांध्या कोरड्या राहतात. विश्वस्त एकटा नेमू नये. दोन किंवा तीन असावेत. त्यात एक आईच्या बाजूचा असला तर फार चांगले. सगळे विश्वस्त आपल्याच वयाचे नकोत. त्यांना आधी विचारा, कारण कोणावरही हे काम लादता येत नाही, पण एकदा स्वीकारले की मनात आले म्हणून सोडताही येत नाही. कायदा विश्वस्ताला न्यासाच्या मालमत्तेतून स्वतःचा फायदा करू देत नाही, ती स्वतः विकत घेऊ देत नाही, हिशेब ठेवायला आणि मागितल्यावर दाखवायला बांधतो. पण लाभार्थी हिशेब मागूच शकत नसेल तर? म्हणून दस्तात लिहा, की दर वर्षी गुढीपाडव्याच्या आत हिशेबाची प्रत अमुक नातेवाइकाला द्यावी. एक विश्वस्त गेला तर नवा कोणी नेमायचा तेही लिहा. आणि ज्या भावाच्या शेताला तुमच्या मुलीचे शेत लागून आहे, त्याला एकट्याला विश्वस्त करू नका. तो कितीही चांगला असो, धुऱ्याचा मोह मोठा असतो.

मृत्युपत्राच्या सहीबद्दल थोडे. दोन साक्षीदार लागतात, आणि तुम्ही सही किंवा अंगठा केलेला त्यांनी पाहिलेला असावा लागतो. साक्षीदार तुमच्याहून लहान वयाचे, गावातच राहणारे, आणि ज्यांना मृत्युपत्रातून काही मिळत नाही असे निवडा. वाद झाला तर त्यांनाच न्यायालयात यावे लागते. वय जास्त असेल तर त्या दिवशीचा डॉक्टरांचा दाखला सोबत ठेवा. नोंदणी सक्तीची नाही, पण मी ती करायला सांगतो. कोणाला कळू द्यायचे नसेल तर बंद लिफाफ्यात जिल्हा निबंधकाकडे ठेवण्याची सोय १९०८ च्या नोंदणी कायद्यात आहे.

आज आलेल्यांत ज्यांच्या घरी असे मूल आहे, अशी म्हातारी आई आहे, अशी एकटी सून आहे, त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. घरी गेल्यावर सातबारा, आठ-अ, पासबुके आणि पॉलिसी एका पिशवीत काढून ठेवा. ज्याच्यासाठी हे करायचे त्याला शक्य असेल तर समोर बसवून विचारा. दिवाळीपूर्वी, धान कापणीला येण्याआधी, वकिलाकडे किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जा. स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना, अपंगांना आणि ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेल्यांना तिथे मोफत मदत मिळते. कागद झाला की तो कुठे ठेवला आहे हे घरातल्या एकाला आणि घराबाहेरच्या एकाला सांगून ठेवा.